एका ओळीत पाच उड्या

संपतराव शिर्के दर गुरुवारी दुपारी चार वाजता पुस्तक घेऊन वाचायला बसत, आणि गेले सात महिने त्यांना त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक ते स्वतः, आणि दुसरे रावपुऱ्यातले डोळ्यांचे डॉक्टर. त्या डॉक्टरांनाही संपतरावांनी आपलं नाव सुभानराव असं सांगून ठेवलं होतं, म्हणजे बोभाटा नको.

डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे, मोतीबिंदू असता तर काढला असता, पण याला आज तरी औषध नाही. कडेचं सगळं शाबूत होतं. त्यामुळे संपतरावांना भिंतीवरची पाल दिसे, जिन्यावरून कोण येतंय ते दिसे, मांडवीच्या गर्दीत अंगावर येणारी सायकलसुद्धा चुकवता येई. फक्त ज्या वस्तूकडे सरळ बघावं, तेवढीच नेमकी पुसली जाई. आणि वाचणं म्हणजे तर सरळच बघणं. त्यामुळे घरात कोणाला शंकासुद्धा आली नाही, कारण चहाचा कप ते अचूक उचलत आणि सुनेने मीठ विसरलेली कोशिंबीर त्याहून अचूक ओळखत.

आता कोणी म्हणेल, सांगून का टाकलं नाही? सांगायला काय जातं? संपतरावांचं सगळंच जात होतं. एकोणचाळीस वर्षं त्यांनी आधी संस्थानच्या आणि मग सरकारच्या दफ्तरात फायली सांभाळल्या, आणि त्या सगळ्या काळात त्यांना फायलीच्या नंबराखेरीज कोणी काही विचारलं नाही. बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर एका गुरुवारी बायकोच्या मैत्रिणी वाती वळायला जमल्या होत्या, तेव्हा कंटाळा जावा म्हणून त्यांनी एक कादंबरी मोठ्याने वाचायला घेतली. पुढे बायको वारली, पण मैत्रिणी यायच्या थांबल्या नाहीत. आज सत्त्याण्णव साल होतं, घरोघर केबल आली होती, दुपारी चारलाही कुठल्या ना कुठल्या मालिकेत कोणीतरी रडत असे, तरी सात-आठ बायका टीव्ही बंद करून गुरुवारी नागरवाड्यातल्या त्यांच्या माडीवर येत. पोस्टमनसुद्धा त्यांना 'गुरुवारचे संपतराव' म्हणे. ही खुर्ची गेली की उरणार कोण? जेवणाच्या वेळी हाक मारायचा एक म्हातारा, बस्स.

म्हणून सात महिन्यांपूर्वी, जुनी कादंबरी संपल्यावर, ते नेहमीसारखे वाचनालयात गेले. कारकुनाला विचारायची सोय नव्हती, विचारलं असतं तर त्याने पुस्तकं पुढ्यात मांडून "बघा, कुठलं हवं" म्हटलं असतं. तेव्हा त्यांनी कपाटात हात घातला, चाचपडून एक जाडजूड, चांगल्या बांधणीचं पुस्तक काढलं आणि शिक्का मारून घरी आणलं. घरी येऊन खाकी कागदाचं कव्हर घातलं. गुरुवारी ते उघडून बसले, समोर पांढऱ्यावर करडा धूर पसरलेला, घसा खाकरला आणि तोंडातून वाक्य आलं, "मोहना गाडीतून उतरली तेव्हा फलाटावर कोणीच नव्हतं."

ही मोहना कुठून आली ते त्यांनाही कळलं नाही. पण ती आली ती राहिलीच. नवऱ्याने टाकलेली मोहना एका आडगावच्या जंक्शनवर तारऑफिसात नोकरीला लागली. तिथल्या स्टेशनमास्तरचं नाव विश्वंभर, माणूस सज्जन पण घुम्या. दर दीड-दोन मिनिटांनी संपतराव पान उलटत, कधी कधी चष्मा पुसत, एकदा तर "छपाई काय दरिद्री आहे" असंही म्हणाले. या माणसाला कलेक्टरने एकोणचाळीस वर्षं फायलींत कोंडून ठेवलं, याचं खरं म्हणजे वाईट वाटायला हवं. शुक्रवारी सकाळी त्यांना स्वतःची लाज वाटे. शनिवारपासून मात्र मोहनाचं पुढे काय करायचं याचा विचार सुरू होई.

आणि मग कौमुदीने घात केला.

कौमुदी त्यांची नात, मानसशास्त्रात एम. ए. करत होती. तिचा विषय होता, वाचताना माणसाचे डोळे काय करतात. परदेशात म्हणे यासाठी यंत्र असतं, पण त्याच्या किमतीत अलकापुरीसारख्या श्रीमंत वस्तीत फ्लॅट आला असता. तेव्हा तिच्या सरांनी सत्तर वर्षांपूर्वीची युक्ती सांगितली. छापील पानाच्या मधोमध वाटाण्याएवढं भोक पाडायचं, वाचणाऱ्याने पुढून वाचायचं आणि आपण मागून भोकाला डोळा लावून त्याचे डोळे बघायचे. साठीच्या पुढचे वीस वाचक हवे होते. एकोणीस झाले होते.

"आजोबा, विसावे तुम्ही. प्लीज ने!" ती गुजराती हेल काढून म्हणाली.

संपतरावांना सर्दी झाली. ती बरी झाल्यावर पाठ धरली. पाठ सुटल्यावर कौमुदीने चतुराई केली आणि गुरुवारी सगळ्या बायकांसमोर विषय काढला.

"आमचे संपतराव तर पहिले हवेत," मंदाताई म्हणाल्या. मंदाताई बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांच्या आवाजाला नाही म्हणायची गल्लीत कोणाची टाप नव्हती. "पुढच्या गुरुवारी, वाचनाच्या आधी. मी तुझ्या मदतीला बसते."

"हां हां, एकदम सरस!" शेजारच्या कांचनबेन म्हणाल्या. त्यांना मराठी सगळं कळे आणि बोलताना सगळं गुजराती होऊन जाई.

"मी माझ्याच पुस्तकातलं वाचीन," संपतराव म्हणाले. बुडत्याने जे हाताला लागलं ते धरलं. कौमुदीने कबूल केलं, कव्हरावरून हात फिरवून खुणेचं पान दुमडलं आणि मांडवीच्या झेरॉक्सवाल्याकडून त्या पानाच्या दोन प्रती काढून आणल्या. एकीला भोक पाडलं, दुसरी तपासायला ठेवली. पानावर काय आहे ते तिने वाचलं नाही. शिक्षण सगळं इंग्रजीत झालेलं, मराठी वाचायचं म्हणजे तिला दगडधोंड्यांतून चालल्यासारखं वाटे, तेव्हा फुकटचं कोण वाचतंय?

संपतराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. कौमुदी शेजारच्या खोलीत दुसऱ्या वाचकांना समजावून सांगत असे तेव्हा ते हिंचक्यावर झोके घेत डोळे मिटून पडत आणि एकेक शब्द टिपून घेत. त्यातून त्यांना असं कळलं, की डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, उड्या मारत जातो. एका ओळीत चार-पाच उड्या, दर उडीनंतर पाव सेकंदाचा थांबा, आणि ओळ संपली की एक लांब झेप डावीकडे. उडी मारताना काहीच दिसत नाही, दिसतं ते फक्त थांबल्यावर. दुसरी चाचणी अशी होती की माणूस मोठ्याने वाचत असताना पानावर अचानक कार्ड ठेवायचं. डोळे आवाजाच्या पुढे पळत असतात, त्यामुळे पान झाकल्यावरही माणूस तीन ते पाच शब्द बरोबर म्हणतो आणि मग थांबतो.

झालं. आठवडाभर न्हाणीघराचं दार लावून तालीम चालली. आरशात बघून उपयोग नव्हता, कारण डोळ्यांकडे बघायला जावं तर तेच पुसले जात. मग त्यांनी एक डोळा मिटून पापणीवर बोट ठेवलं. उघडा डोळा उडी मारी तसं मिटलेल्या डोळ्याचं बुबुळ बोटाखाली हले. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि झेप. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि झेप. बाहेरून सून म्हणाली, "बाबा, बरं आहे ना?" त्यांनी नळ सोडला.

गुरुवार उजाडला. माडीवर बायका जमल्या. पोळ्या करणाऱ्या रखमाबाई वातींचं तबक घेऊन खिडकीखाली बसल्या, कांचनबेनने सगळ्यांना लीलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा ओला चिवडा, वाटला. संपतरावांसमोर कौमुदीने ते पान धरलं आणि मागून भोकाला डोळा लावला. तिच्या डाव्या हातात कुणाच्या तरी लग्नाची जाड पत्रिका होती, झाकायला. शेजारी मंदाताई दुसरी प्रत आणि लाल पेन घेऊन बसल्या. म्हटलेल्या प्रत्येक शब्दावर बरोबरची खूण करायची, हे त्यांचं काम.

"करा सुरू," कौमुदी म्हणाली.

"मोहनाने तार हातात घेतली," संपतरावांनी सुरुवात केली आणि डोळ्यांना उड्या मारायला लावलं. "विश्वंभर दारातच उभा होता. तार कुणाची आहे हे त्याला ठाऊक होतं, पण..."

पत्रिका पानावर पडली.

"...सांगायचा धीर त्याला होईना," असे चार शब्द म्हणून संपतराव शिस्तीत थांबले. स्वतःवर बेहद्द खूश झाले. बायका मात्र कळवळल्या.

"अरे छोकरी, काढ ने ए कार्ड!" कांचनबेन ओरडल्या. "तारमां शुं हतुं?" तारेत काय होतं, हे त्यांना तिथल्या तिथे कळायला हवं होतं.

आणि त्याच वेळी डोळ्याच्या कडेने संपतरावांना मंदाताईंचं लाल पेन दिसलं. ते कागदाच्या वर, हवेत थांबलं होतं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. उड्या मोजल्या, शब्द मोजले, थांबे मोजले, पण त्या बाईच्या हातात तेच पान आहे आणि ती शब्दाला शब्द लावून बघणार आहे, हे साधं गणित त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता मंदाताई बोलणार, सगळ्यांसमोर बोलणार, आणि बारा वर्षांच्या खुर्चीवरून ते उठणार.

पेन थोडा वेळ तसंच राहिलं. मग खाली आलं आणि खुणा करू लागलं, भराभर, एकेका शब्दावर.

पत्रिका आणखी चार वेळा पडली. संपतराव चार वेळा थांबले. बायका चार वेळा कळवळल्या. शेवटी मंदाताईंनी कागद कौमुदीला दिला आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर." आवाज इतका सपाट होता की संपतरावांना त्यातून काहीच वाचता येईना. त्या दिवशीचं वाचन त्यांनी घसा दुखतो म्हणून लवकर आटपलं, तार न उघडताच.

संध्याकाळी कौमुदी दोन्ही कागद घेऊन वर आली. दार लावलं आणि त्यांच्या पायाशी बसली.

"आजोबा, वाचणाऱ्याचे डोळे मागेही जातात. शब्द नीट कळला नाही की अडखळतात, परत येतात. एकोणीसच्या एकोणीस जणांचे गेले. तुमचे एकदाही गेले नाहीत. कवायत चालली होती नुसती."

"सवय आहे गं," संपतराव म्हणाले. "बारा वर्षं वाचतोय."

कौमुदी मंदाताईंनी तपासलेलं पान वाचू लागली, तिच्या अडखळत्या मराठीत. "लाळ... खुरकत. या रोगात जनावराच्या तोंडात व खुरांमध्ये फोड येतात. जनावर... चारा सोडते. खूर दिवसातून दोन वेळा..." ती थांबली. "यात मोहना कुठंय, आजोबा?"

संपतरावांनी विचारलं, "गुरांचं पुस्तक आहे?"

"साडेचारशे पानं. गुरांचे रोग आणि उपाय."

आणि त्यांना हसू फुटलं. सात महिने आपण लाळ-खुरकतीच्या पानावरून विरहाचे कढ काढत होतो, हे डोळ्यांसमोर येऊन ते हिंचक्याची कडी धरून हसले. कौमुदी आधी हसली आणि मग रडायला लागली, कारण तेवढ्यात तिला सगळं कळलं. मग त्यांनी डॉक्टरांचं सांगितलं, सुभानरावांचं सांगितलं, पुसल्या गेलेल्या मधल्या भागाचं सांगितलं.

"सात महिने! आणि मी याच घरात डोळ्यांचा अभ्यास करतेय!" ती चिडून म्हणाली. तिचा राग खरा होता आणि तो मुख्यतः स्वतःवर होता. नाक पुसून ती पुढे म्हणाली, "तुम्हाला माहितीये, डोळे धडधाकट असलेल्या माणसालाही एका वेळी सात-आठच अक्षरं स्वच्छ दिसतात. बाकी सगळं अंधुकच असतं. ते मन भरून काढतं."

"मग मी जरा जास्त भरतो, एवढंच की," संपतराव म्हणाले. "घाल मला तुझ्या वीसमध्ये. मंदाताईंनी खुणा केल्यात ना?"

"नाही आजोबा. ते खोटं होईल. मी एकोणीसच लिहीन, सर बोलले तर बोलले."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की संपतरावांना मान खाली घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मंदाताईंकडे गेले. मंदाताई ओट्यावर गवार मोडत होत्या. त्यांनी चहा विचारला नाही, बसा म्हटलं नाही.

"बत्तीस वर्षं मुलांचे पेपर तपासले मी," त्या म्हणाल्या. "चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण कधी केली नाही. अगदी भाच्याच्या पेपरवरसुद्धा नाही. काल पहिल्यांदा केली. एकशे त्रेसष्ट वेळा."

"का केलीत?"

"सगळ्यांसमोर तुमचा पचका झालेला बघवला नसता मला. पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही." गवारीची शेंग कडकन मोडली. "पुस्तक कुठलं का असेना, पण तुम्हाला दिसत नाही ना?"

"नाही."

"मला वाटलंच. डोळे असलेला माणूस इतकं खोटं बोलला असता तर मी काल उठून गेले असते." त्या जराशा मऊ झाल्या, आणि लगेच परत शिक्षिका झाल्या. "संपतराव, येत्या गुरुवारी तुम्ही स्वतः सांगायचं. नाही तर मी सांगेन. त्या बिचाऱ्या रखमाबाई त्या मोहनासाठी उपास धरायला निघाल्या होत्या."

सहा दिवस संपतरावांनी नीट जेवण केलं नाही. तारेत काय आहे याचा विचारही डोक्यात येईना. गुरांचं पुस्तक कौमुदीने परत करून टाकलं. गुरुवारी चार वाजता ते खुर्चीत बसले तेव्हा हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले.

"पुस्तक नथी?" कांचनबेनने विचारलं.

"नाही," संपतराव म्हणाले, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचं, डॉक्टरचं, गुरांचं. मोहना कुठल्याच पुस्तकात नाही, हेही सांगितलं. "तुमचे सात महिने मी फसवून घेतले. माफी मागतो. वाचणारा आता दुसरा बघा," असं म्हणून ते थांबले. खाली गल्लीत भाजीवाल्याची हातगाडी गेली, तिचा खडखडाट लांब जाईपर्यंत सगळे तसेच बसले होते.

"सात महिना अमने बनाव्यां, संपतभाई?" कांचनबेन म्हणाल्या. आपल्याला फसवलं, हे त्यांना खरोखर लागलं होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन चपलेत पाय घातला.

"मला वाचता येत नाही," खिडकीखालून रखमाबाई सावकाश म्हणाल्या. "मला पुस्तकातलं कधीच दिसलं नाही. माझं आपलं सगळं तुमच्याच तोंडून यायचं. पहिल्या दिवसापासून." वातीचा कापूस त्यांनी बोटांत तसाच धरला होता. "तार कुणाची होती, ते सांगा."

"मला ठाऊक नाही अजून, रखमाबाई. सांगत गेलो तरच कळतं."

"मग सांगा की."

संपतरावांनी तोंड उघडलं आणि काही येईना. इतके महिने समोर पान असे, त्या करड्या धुराकडे बघितलं की मोहना चालू लागे. आता समोर बायका होत्या, आणि ज्या बाईकडे बघावं तिचा चेहरा पुसला जात होता. ते घाबरले. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाकडे लावली, तशी सगळी खोली कडेकडेने उजळली. कपाटाकडेच बघत ते म्हणाले, "मोहनाने तार उघडली."

मंदाताईंचा हात गळ्याशी गेला. रखमाबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले, जणू तार त्यांच्याच घरी आली होती. दारात कांचनबेन एका पायात चप्पल घालून उभ्या होत्या आणि दुसरी चप्पल शोधणारा त्यांचा पाय हवेत थांबला होता. कौमुदी जिन्यात बसली होती, तिचेही ओठ हलत होते, पुढचा शब्द आधीच म्हणून बघितल्यासारखे. बारा वर्षं संपतराव या बायकांना वाचून दाखवत होते, आणि त्या सगळ्या वेळात त्यांचे डोळे पानावर होते. या ऐकतात कशा, हे त्यांनी आजवर एकदाही पाहिलं नव्हतं.

"मग?" कांचनबेन म्हणाल्या आणि दारातच खाली बसल्या.